आई-बाबांस पत्र : या उन्हाळ्यात सिसिलीला जाण्याविषयी

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज बारीक होतो आणि मला पुढे बोलवत नाही, म्हणून सगळे नीट लिहीत आहे. जून आणि जुलै मी इटलीतल्या सिसिली बेटावर, विद्यार्थ्यांना प्राचीन सांगाड्यांचा अभ्यास शिकवायला असणार आहे आणि तसा होकार विद्यापीठाला दिलेला आहे. बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला मी जवळ नसेन, याचे फार वाईट वाटते. पण दादा आणि वहिनी तेव्हा शिरूरला येऊन राहणार आहेत, आणि माझे दिवाळीचे तिकीट काढून झाले आहे.

उन्हाळी संशोधनाचा हा कार्यक्रम पदवीच्या मुलांसाठी आहे. आजवर ती प्लास्टिकच्या सांगाड्यावर शिकलेली असतात. इथे प्रत्येकाने आपला एक प्रश्न घ्यायचा आणि खऱ्या माणसांच्या अवशेषांतून त्याचे उत्तर शोधायचे. शेजारी बसून शिकवणारे कुणी नसेल तर हाडांचेही नुकसान होते आणि मुलांचेही. कवटी दोन्ही हातांनी, टेबलापासून फार वर न उचलता कशी धरायची, हे पुण्यात माझ्या बाईंनी मला त्याच वयात शिकवले, म्हणून मी आज या विषयात आहे. हे काम मला पुढच्या वर्षावर ढकलवले नाही.

बाबा, तुम्हाला इतिहासाची आवड आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावर ग्रीकांनी इ. स. पू. ६४८ मध्ये हिमेरा हे शहर वसवले. इ. स. पू. ४८० मध्ये तिथे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या बलाढ्य शहर-राज्याचा पराभव झाला आणि ४०९ मध्ये कार्थेजने ते शहर उद्ध्वस्त केले. अलीकडे लोहमार्गाच्या कामाच्या वेळी तिथल्या दफनभूमीत हजारो कबरी उघडल्या, त्यांत दोन्ही लढायांतल्या सैनिकांना एकत्र पुरलेले खड्डेही होते. दाताचे एनॅमल लहानपणी एकदा तयार झाले की पुन्हा बदलत नाही, त्यामुळे त्यातल्या स्ट्रॉन्शियम नावाच्या मूलद्रव्यावरून माणसाचे बालपण कुठल्या मातीवर आणि पाण्यावर गेले याचा अंदाज येतो. तपासलेल्यांपैकी ४८० मधले सुमारे दोन-तृतीयांश सैनिक बाहेरचे निघाले, तर ४०९ मधले बहुतेक स्थानिक. पुढे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए-अभ्यासात दिसले की पहिल्या लढाईतले काही जण थेट उत्तर युरोपातून आणि काळ्या समुद्रापलीकडच्या कॉकेशस पर्वताच्या प्रदेशाकडून आलेले होते. प्राचीन ग्रीक इतिहासकारांनी मदतीला धावलेल्या ग्रीकांचे कौतुक लिहून ठेवले. बहुधा पैशासाठी लढायला आलेल्या या परक्या शिपायांची साक्ष त्यांच्या दातांनीच द्यायची राहिली होती. तसे पाहिले तर माझ्या दातांतही घोडनदीचेच पाणी आहे. पडलेला दात कौलावर टाकायला तुम्ही मला खांद्यावर घेत होतात, ते काम करताना अनेकदा आठवते.

आई, मढ्याच्या हाडांना हात लावून त्याच हाताने जेवायचे कसे, हे तुझे म्हणणे मी मनावर घेतले आहे. आम्ही हातमोजे घालतो, आणि काम संपल्यावर अंघोळ केल्याशिवाय मी जेवत नाही. एका माणसाची हाडे दुसऱ्याच्या हाडांत मिसळू देत नाही, आणि कुणी मुलगा कवटीबरोबर फोनवर फोटो काढू लागला तर त्याला तिथेच थांबवते. अमेरिकेत मूळ रहिवाशांच्या पूर्वजांची हाडे त्यांना न विचारता वर्षानुवर्षे संग्रहालयांत ठेवली गेली, ती परत देण्याचा कायदा व्हायला १९९० साल उजाडावे लागले. मुलांना हे आधी कळले पाहिजे, मोजमापे नंतर. हिमेरात तान्ही बाळे मातीच्या मोठ्या कुंभांत ठेवून पुरलेली आहेत. आपल्या तालुक्यातल्या इनामगावलाही तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लोकांनी बाळांना दोन कुंभांची तोंडे जुळवून, घराच्या जमिनीखालीच ठेवले होते. त्या बाळांच्या कवटीची हाडे इतकी पातळ असतात की मुलांचा हात आपोआप हळू होतो. आई, तू तिथे असतीस तर तूही त्यांना हळूच उचलले असतेस.

माझ्या खाण्याची काळजी करू नका. वांगी, टोमॅटो आणि ताजा पाव भरपूर मिळतो, आणि पालेर्मोत हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या मिळतात, त्या तुला नक्की आवडतील. राहण्याची सोय विद्यार्थ्यांबरोबरच आहे. शिवाय घड्याळात आपल्यात साडेतीन तासांचेच अंतर राहील, त्यामुळे तुमच्या रात्रीच्या जेवणाआधी रोज फोन करता येईल.

आता दोघांनीही ऐका. आई, माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचे नाही. पडताना हात टेकून मनगटाजवळ मोडलेले आणि वाकडे जुळलेले हाड मी म्हाताऱ्या बायकांच्या सांगाड्यांत पाहिले आहे, ते मला तुझ्या हातात नको आहे. कॅल्शियमची गोळी जेवणानंतर घे आणि सकाळी थोडे उन्हात बस. बाबा, शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस डोळ्याला पाणी लावू नका, डोळा चोळू नका, खाली वाकून चपलांचे बंद लावू नका आणि स्कूटर काढू नका. थेंबांच्या वेळा वहिनी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावणार आहे. रक्तदाबाची गोळी त्या दिवशी सकाळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारा आणि ते काय म्हणाले ते मला रविवारी सांगा.

तुमची,
मनू