आत्यासाठी शुश्रूषागृह पाहायला जाल तेव्हा

ती. स्व. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

आत्याला आता चोवीस तास परिचारिका असलेल्या ठिकाणी ठेवायचे तुम्ही सर्वांनी ठरवल्याचे आणि त्यासाठी दोन ठिकाणे पाहायला जाणार असल्याचे पत्रावरून समजले. हा निर्णय घेताना तुम्हाला किती जड गेले असेल याची मला कल्पना आहे. तरीही तो योग्य आहे असेच माझे मत आहे. खुब्याचे हाड मोडल्यानंतर आणि विस्मरण इतके वाढल्यानंतर वहिनींनी एकट्याने तिला उठवणे-बसवणे दोघींसाठीही धोक्याचे झाले होते. इथे इंग्लंडमध्ये तपासणी पथकाबरोबर वृद्धांच्या शुश्रूषागृहात जाते तेव्हा मी नेमके काय पाहते आणि त्यातले तुम्हाला काय पाहता येईल, असे दादांनी विचारले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इंग्लंडमध्ये हे काम 2009 पासून केअर क्वालिटी कमिशन ही संस्था करते. भेट बहुधा पूर्वसूचना न देता होते. निरीक्षकाबरोबर माझ्यासारखी एखादी अनुभवी परिचारिका असते, आणि पुष्कळदा ज्यांनी स्वतःच्या आईवडिलांना किंवा जोडीदाराला अशा ठिकाणी ठेवले आहे असे एखादे गृहस्थ किंवा बाईही असतात. त्यांचे मत आमच्याइतकेच मोलाचे मानले जाते, आणि ते योग्यच आहे, कारण घरच्या माणसाला जे खटकते ते कित्येकदा आमच्या तक्त्यांत बसतच नाही. तिथे राहणारे सुरक्षित आहेत का, शुश्रूषेचा उपयोग होतो का, वागणूक आस्थेची आहे का, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे सेवा मिळते का आणि कारभार जबाबदारीने चालतो का, या पाच प्रश्नांभोवती सारी तपासणी फिरते. शेवटी मिळणाऱ्या चार श्रेणींपैकी जी वाट्याला येते ती दर्शनी भागात लावणे कायद्याने बंधनकारक आहे. मात्र श्रेणी म्हणजे तपासणीच्या दिवशीची स्थिती असते. व्यवस्थापक बदलला किंवा जुनी माणसे सोडून गेली की काही महिन्यांत तेच ठिकाण वेगळे होऊ शकते, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

माझ्या कामाचा गाभा एवढाच की, कागदावर लिहिलेले आणि पलंगावर दिसणारे एकमेकांशी जुळते का हे पाहायचे. एका ठिकाणी एका आजींच्या फायलीत दर दोन तासांनी कुशीवर वळवल्याच्या नोंदी अगदी नीटनेटक्या होत्या आणि प्रत्येक नोंदीपुढे सही होती. हवेची गादीही दिलेली होती. मी पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला पंप पाहिला, तर त्यावरचा काटा ऐंशी किलोवर होता आणि आजींचे वजन होते चाळीसच्या आसपास. गादी माणसाच्या वजनाप्रमाणे लावावी लागते. ती अशी जास्त वजनावर ठेवली की टणक होते, आणि मग बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहिल्याने दाबाने होणारी जखम, टाळण्यासाठी आणलेली गादीच जखमेला कारण होऊ शकते. आजींची टाच उचलून पाहिली तेव्हा तिथे जांभळट डाग होता आणि त्याची नोंद कुठेही नव्हती. त्या दिवशी गादी तिथल्या तिथे नीट लावून घेतली आणि टाचा अधांतरी राहतील अशी उशी द्यायला लावली. परंतु सह्या करणाऱ्यांपैकी एकालाही तो पंप पाहावासा वाटला नव्हता, याचे वाईट वाटल्यावाचून राहिले नाही.

वहिनी, हे तुम्ही मुद्दाम लक्षात ठेवा. बेडसोअरची सुरुवात लालीने होते असे सगळीकडे सांगतात, पण आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर ती लाली सहज दिसत नाही. तिथली त्वचा आजूबाजूच्यापेक्षा काळपट किंवा जांभळट दिसते, हाताला गरम किंवा कडक लागते, आणि आत्याला तिथे दुखत असेल तर ती हात झटकेल. माकडहाड, खुबे आणि टाचा या जागा प्रत्येक भेटीत, तिची लाज राखून, पाहायच्या.

ज्यांना बोलून सांगता येत नाही त्यांच्यासाठी इथे निरीक्षणाची एक खास पद्धत आहे. ती ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने तयार झाली. निरीक्षक बैठकीच्या खोलीत एका कोपऱ्यात शांत बसतो आणि ठरावीक अंतराने, निवडलेल्या काही व्यक्तींची मनःस्थिती कशी आहे, त्या कशात गुंतल्या आहेत आणि कर्मचारी त्यांच्याशी कसे वागतात, हे टिपत राहतो. आत्यासारख्या माणसाच्या बाबतीत मला हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते. तुम्हालाही ती जमण्यासारखी आहे. अर्धा तास नुसते बसा. सेविका जवळ येताना समोरून येते की मागून येऊन एकदम खुर्ची ढकलते, भरवताना शेजारी बसते की उभ्याउभ्या घास तोंडाशी नेते, आणि आधीचा घास गिळून झाला आहे का हे पाहते की नाही, हे पाहा. घंटा वाजल्यावर किती वेळाने कोणी येते, आणि मुळात घंटेचे बटण पलंगावरच्या माणसाच्या हाताला लागते का, हेही पाहा. भिंतीवर गुंडाळून ठेवलेले बटण मी फार ठिकाणी पाहिले आहे. खोली गप्प असली म्हणजे सारे समाधानी आहेत असे मानू नका. भरदुपारी सगळेच पेंगत असतील तर झोपेची किंवा मन शांत करणारी औषधे कोणाला, कोणाच्या सल्ल्याने आणि किती काळ दिली जात आहेत, हे स्पष्ट विचारा. विस्मरणाच्या आजारात मनोविकारावरच्या काही औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. ती केवळ माणूस गप्प बसावा म्हणून देणे हा अन्याय आहे. पुढे अडसर लावलेली खुर्ची किंवा उठताच येणार नाही इतकी मागे कललेली खुर्ची हेसुद्धा बांधून ठेवणेच आहे, आणि त्याला वैद्यकीय कारण, लेखी नोंद व ठरावीक मुदतीने फेरविचार असलाच पाहिजे.

औषधांची तपासणी सोपी पण कडक असते. पाकिटातल्या गोळ्या मोजायच्या आणि नोंदींशी ताळा करायचा. सही आहे पण गोळीही शिल्लक आहे, तर ती दिलेली नाही. फ्रिजमध्ये ठेवायची औषधे 2 ते 8 अंश सेल्सियसमध्येच राहायला हवीत आणि त्याची रोज नोंद हवी. कंपवातावरची लेव्होडोपासारखी औषधे ज्याच्या त्याच्या ठरलेल्या वेळेलाच द्यावी लागतात. त्यांना उशीर झाला की माणसाला हलता येत नाही, कधी गिळताही येत नाही. गिळताना ठसका लागू नये म्हणून आत्याला पातळ पदार्थ घट्ट करून देण्याची भुकटी सांगितली असेल, तर तो डबा तिच्या हाती लागणार नाही असा ठेवलेला आहे का हे नक्की पाहा. ती भुकटी कोरडी तोंडात गेली तर घशात फुगून जीव गुदमरतो.

वजनाबद्दल दोन शब्द. महिन्यातून एकदा तरी वजन झालेच पाहिजे. प्रयत्न न करता तीन ते सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन उतरणे, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाने पाच किलोंहून अधिक गमावणे, हे कुपोषणाच्या मोठ्या धोक्याचे लक्षण धरतात. वजन उतरल्याचे दिसल्यावर पुढे काय केले, कोणाला कळवले, हे फायलीत आहे का ते विचारावे. नुसता आकडा लिहून फाइल मिटणे म्हणजे वजन न करण्यासारखेच झाले.

आगीचा मुद्दा तुमच्या पत्रात कुठेच नव्हता, म्हणून तो जरा आग्रहाने मांडते. 31 जानेवारी 2004 रोजी स्कॉटलंडमध्ये उडिंग्स्टन येथील रोझपार्क या शुश्रूषागृहात पहाटे आग लागली आणि चौदा वृद्ध मृत्युमुखी पडले. आगीचे मूळ एका कपाटातल्या विजेच्या जोडणीत होते. पुढे झालेल्या न्यायालयीन चौकशीत, आगीपासून बचावाची पुरेशी योजना असती तर यांतले काही किंवा सर्व मृत्यू टळू शकले असते, असा निष्कर्ष निघाला. त्यामुळे मी कुठेही गेले तरी रात्रपाळीच्या माणसांशी बोलल्याशिवाय राहत नाही. आता या क्षणी गजर झाला तर प्रथम काय कराल, या मजल्यावर स्वतः चालू शकणारे किती आणि उचलून न्यावे लागणारे किती, आणि तुम्ही रात्री किती जण असता, हे प्रश्न मी विचारते. उत्तर लगेच आले नाही तर कपाटातली योजना कितीही सुबक असो, तिचा उपयोग नाही. खोल्यांची दारे आपोआप बंद होतात का, का खाली पाचर मारून उघडी ठेवली आहेत, आणि बाहेर पडण्याच्या वाटेत चाकाच्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत का, हे तुम्हाला चालता चालता दिसेल.

बाकीच्या काही गोष्टी थोडक्यात सांगते. अंघोळीचे पाणी 44 अंशांपेक्षा गरम नसावे, कारण वृद्धांची त्वचा पातळ असते आणि आत्याला भाजल्याचे वेळेवर सांगता येणार नाही. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या दहा सेंटीमीटरहून जास्त उघडणार नाहीत अशी अडकण इथे लावतात. तिकडे निदान गज मजबूत असावेत.

पडण्याच्या आणि तक्रारींच्या नोंदवह्या मागायला संकोच करू नका. आमच्याकडे कोणी पडतच नाही, असे सांगणाऱ्या ठिकाणापेक्षा, गेल्या तीन महिन्यांत अमुक जण पडले, त्यांतले बरेचसे पहाटे शौचास जाताना पडले, म्हणून त्या वेळी आम्ही एक माणूस वाढवला, असे सांगणारे ठिकाण मी आत्यासाठी निवडेन.

दोन्ही ठिकाणे पाहायला एकदा सकाळी आणि एकदा, न कळवता, संध्याकाळी रात्रपाळी सुरू होताना जा. न कळवता येऊ देत नाहीत असे कळले, तर ते ठिकाण तिथेच बाद करा. जाण्यापूर्वी आत्याचे आजचे वजन, तिच्या सर्व औषधांची वेळांसह यादी आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा डॉक्टरांचा कागद यांचे फोटो मला पाठवा, म्हणजे तिच्यासाठी विशेष काय विचारायचे ते मी लिहून पाठवीन. तिला आत नेल्यावर पहिल्याच दिवशी तिचे वजन आणि त्वचेची स्थिती तुमच्यासमोर नोंदवून घ्या व त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या करा.

आत्याला व मुलांना माझे अनेक आशीर्वाद व नमस्कार.

तुमची धाकटी बहीण