पहाटेच्या शर्यतींची हकीकत: मित्रास पत्र

इंदूर,
रविवार

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार. वि. वि. तुझा भाचा बारावीनंतर वडोदऱ्याहून इंदूरला शिकायला येणार आहे आणि आपल्या संघातून ऑनलाइन स्टॉक कार शर्यतीत, म्हणजे साध्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या संगणकावरच्या शर्यतीत, उतरण्याची त्याची इच्छा आहे, हे तुझ्या निरोपावरून समजले. त्याला संघात घेण्यापूर्वी हा संघ कसा उभा राहिला ते कोणीतरी नीट लिहून द्यावे, ही तुझी सूचना मला मनापासून पटली. नव्या मुलांना निकालांचे तक्ते पाहायला मिळतात, पण आपण गाडी ज्या रीतीने चालवतो ती रीत कुठून आली हे त्या तक्त्यांत सापडत नाही. माझ्या मते ती रीत इंदूर आणि अमेरिकेतले सर्व्हर यांच्यामधल्या अंतराने आपल्याला शिकवली, आणि म्हणून आपली हकीकत सांगताना मी त्या अंतरापासून दूर जाणार नाही.

2003 च्या उन्हाळ्यात तुझ्या आत्याने अमेरिकेहून 'नॅस्कार रेसिंग 2003 सीझन' या संगणक खेळाची सीडी पाठवली (नॅस्कार ही तिथल्या स्टॉक कार शर्यती भरवणारी संस्था), तेव्हा आपल्यापैकी कोणालाही स्टॉक कार म्हणजे काय हे धड ठाऊक नव्हते. हा खेळ करणारी मॅसॅच्युसेट्समधली पॅपिरस ही संस्था डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी यांनी 1987 मध्ये स्थापन केली होती आणि नॅस्कारवरचा त्यांचा पहिला खेळ 1994 मध्ये आला होता. 2003 चा खेळ मात्र त्यांचा शेवटचा ठरला, कारण नॅस्कारचा परवाना 2004 पासून एकट्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे गेला आणि पॅपिरस बंद झाली. तरीही जगभरातल्या हौशी लोकांनी त्या खेळासाठी नव्या गाड्या आणि नवे ट्रॅक तयार करणे पुढे कितीतरी वर्षे चालू ठेवले, आणि आपण ज्या लीगमध्ये शिरलो ती अशाच लोकांनी फुकट चालवलेली होती. ज्या खेळाला निर्मात्याचा आधार उरला नव्हता तो खेळणाऱ्यांनी जिवंत ठेवला, याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

तुझ्या भाच्याला त्याच्या आजोबांचा, म्हणजे तुझ्या वडिलांचा, वाटा आधी सांग, कारण काकांशिवाय हा संघ झाला नसता. जेल रोडवरून आणलेले जुने स्टिअरिंग आपण अभ्यासाच्या टेबलाला आवळत असू आणि प्रत्येक वळणावर टेबलच सरकत असे. काकांनी आयुष्यभर मिलमध्ये फिटरचे काम केलेले होते; त्यांनी दोन दिवस काही न बोलता पाहिले आणि मग लोखंडी अँगलचा असा स्टँड जोडून दिला की तो आजही माझ्या खोलीत वापरात आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे सेटअप, म्हणजे ट्रॅकनुसार गाडीची जुळवणी, समजून घेणारे आपल्यातले पहिले गृहस्थ तेच होते. ओव्हल, म्हणजे लंबगोल, ट्रॅकवर गाडी फक्त डावीकडे वळते, त्यामुळे तिच्या चारही चाकांवर सारखा भार ठेवायचा नसतो, हे आपल्या डोक्यात शिरत नव्हते. काकांनी देवघरातला चौरंग आणला, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, आणि त्या पायावरचा व त्याच्या कर्णरेषेतल्या दुसऱ्या पायावरचा भार कसा वाढतो ते हाताने दाबून दाखवले. वेज म्हणतात ते हेच. मागचे डावे आणि पुढचे उजवे चाक यांवरचा भार वाढवला की गाडी टाइट होते, म्हणजे वळायला कुरकुरते. कमी केला की लूज होते, म्हणजे मागचा भाग बाहेर धावू लागतो. त्या काळच्या गाडीत 22 गॅलन, म्हणजे सुमारे 83 लिटर पेट्रोल मावत असे. ते जळत जाताना साठेक किलो वजन घटते, टायर झिजतात, आणि सुरुवातीला बरोबर वाटलेली गाडी चाळिसाव्या फेरीला वेगळीच वागू लागते. काकांनी प्रत्येक ट्रॅकसाठी वहीत एक पान आखले आणि त्यावर पहिल्या फेरीची वेळ न लिहिता विसाव्या आणि चाळिसाव्या फेरीची वेळ लिहायची शिस्त घातली. आपला सगळा सेटअप विचार त्या वहीतून निघालेला आहे.

आता त्या अंतराबद्दल लिहितो. अमेरिकेतल्या लीग त्यांच्या रात्री आठला शर्यत सुरू करत, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा वाजत. 2004 च्या सरकारी धोरणाने 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे ठरवले होते, आणि पुढे आपण घेतलेल्या योजनेत रात्री 2 ते सकाळी 8 पर्यंतचा डेटा मोजला जात नसे. ही सवलत नसती तर आपला खर्च आपल्याला झेपलाच नसता. टिळकनगरचा आपला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, तू, मी आणि नंतर आलेला पीथमपूरचा दादा, असे आपण चौघे पहाटे अंधारात उठून, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून कानाला हेडफोन लावून बसत असू. वीज जाईल या धास्तीने यूपीएस आधी तपासून ठेवत असू. शर्यत संपेपर्यंत गल्लीत पोह्यांची कढई चढलेली असे.

परंतु पहाटे उठणे हा प्रश्नाचा सोपा भाग होता. इंदूरपासून अमेरिकेचा पूर्व किनारा सुमारे 12 हजार किलोमीटर आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे तार अगदी सरळ टाकली तरी संदेश जाऊन परत यायला 120 मिलिसेकंद लागणारच. समुद्राखालच्या केबल सरळ जात नाहीत, मध्ये अनेक ठाणी लागतात, आणि त्यामुळे आपला पिंग, म्हणजे हा जाऊन येण्याचा वेळ, पाव सेकंदाच्या आसपास राहत असे. ताशी 300 किलोमीटरने धावणारी गाडी पाव सेकंदात जवळजवळ 21 मीटर पुढे जाते, म्हणजे चार गाड्यांइतकी लांबी. खेळ मधल्या क्षणांचा अंदाज बांधून गाडी पडद्यावर दाखवतो, आणि सरळ रस्त्यावर तो अंदाज बहुधा खरा ठरतो. पण समोरच्याने अचानक ब्रेक लावला किंवा दिशा बदलली, तर आपल्याला दिसणारी गाडी आणि खरी गाडी या दोन वेगळ्या जागी असतात. आपल्या पडद्यावर हातभर फट दिसत असताना त्याच्या पडद्यावर आपण त्याला धडकलेलो असतो.

डेटोना आणि टॅलाडेगा या ट्रॅकवर याचा अर्थ फार गंभीर होत असे. तिथे वळणांचा उतार अनुक्रमे 31 आणि 33 अंशांचा आहे आणि गाडी वळणातही वेग सोडत नाही. 1987 मध्ये टॅलाडेगाला बिल इलियटने ताशी 212.809 मैल, म्हणजे सुमारे 342 किलोमीटर, या वेगाने पात्रता फेरी काढली आणि त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसनची गाडी टायर फुटून प्रेक्षकांसमोरच्या जाळीत उडाली. त्यानंतर 1988 पासून या दोन ट्रॅकवर इंजिनात जाणारी हवा रोखणारी रिस्ट्रिक्टर प्लेट सक्तीची झाली. सगळ्यांची ताकद सारखी कमी झाल्यामुळे गाड्या थवा करून धावू लागल्या. पुढची गाडी हवा फाडते, मागची तिच्या सावलीत शिरते, आणि दोघी मिळून एकटीपेक्षा वेगाने जातात. हे ड्राफ्टिंग म्हणजे स्टॉक कारचा आत्मा आहे, आणि नेमके तेच आपल्याला पाव सेकंदाच्या अंतरावरून करायचे होते. थव्याच्या मध्ये राहिलो तर आपल्यामुळे दहा जणांची रात्र वाया जाण्याचा धोका होता, म्हणून आपण ठरवले की प्लेटच्या शर्यतीत थव्याच्या शेवटी, दोन गाड्यांची जागा सोडून धावायचे. त्या निर्णयावर टिळकनगरचा किती चिडला होता, ते तुला आठवत असेल. माझे मत आजही तेच आहे: लांबून आलेल्या पाहुण्याने यजमानाच्या घरात जपून वावरावे.

हे जागा सोडणे हळूहळू आपल्या हातात मुरले आणि त्याचा लाभ डार्लिंग्टनला झाला. दक्षिण कॅरोलायनातला हा ट्रॅक 1950 पासून शर्यती भरवतो. हॅरोल्ड ब्रॅसिंग्टन तो बांधत असताना जमीनमालकाने आपले मासळीचे तळे हलवू देण्यास नकार दिला, म्हणून एक टोक अरुंद आणि दुसरे रुंद असे त्याला अंड्यासारखे रूप आले. एका टोकाला जुळवलेला सेटअप दुसऱ्या टोकाला चुकतो, आणि खरबरीत डांबर टायर झपाट्याने खाते. पहिल्या दहा फेऱ्यांत आपल्या पुढे गेलेले चालक तिसाव्या फेरीला उजव्या पुढच्या टायरशी झगडत असत, आणि आपण, भिंतीपासून व माणसांपासून अंतर राखत, काकांच्या वहीतल्या वेळा पाळत एकेकाला मागे टाकत असू. तिथे पिंगची अडचण कमी भासे, कारण गाड्या आपोआप पांगत. लीगमधली मंडळी आपल्या शेजारून वळणात निर्धास्त जाऊ लागली, आणि मला तो सन्मान कोणत्याही करंडकाहून मोठा वाटतो.

तुझ्याबद्दल न लिहिता हे पत्र पुरे होणार नाही. तू स्वतः गाडी चालवणे सोडून स्पॉटर झालास, तेव्हा आम्हाला तो त्याग वाटला होता. खरे पाहता संघ त्या दिवशी पूर्ण झाला. चालकाला शेजारची गाडी दिसत नाही; स्पॉटर उंचावरून पाहतो आणि सांगतो. तू "खाली आहे, अजून आहे, अजून आहे, मोकळा" एवढेच शब्द वापरायचास, आणि पाव सेकंदाचा हिशेब धरून "मोकळा" हा शब्द मुद्दाम क्षणभर उशिरा उच्चारायचास. त्या क्षणभराने आपल्याला किती टकरींपासून वाचवले याची नोंद कोणत्याही तक्त्यात नाही.

2008 मध्ये आयरेसिंग ही वर्गणी भरून ऑनलाइन शर्यती खेळण्याची सेवा सुरू झाली. पॅपिरसच्या केमर यांनीच जॉन हेन्री यांच्याबरोबर ही कंपनी उभारली होती आणि 2003 च्या खेळाचा मूळ कोड विकत घेतला होता, त्यामुळे आपल्याला ते परके वाटले नाही. ट्रॅक लेझरने मोजून बनवलेले होते. डांबरावरचा उंचवटा स्टिअरिंगमधून हाताला जाणवू लागला. वर्गणी डॉलरमध्ये असल्यामुळे आपण बराच काळ बिचकलो, ते सगळे तुला माहीत आहे. मला महत्त्वाची वाटते ती तिथली सुरक्षा गुणांकनाची पद्धत. ट्रॅकबाहेर गेलात तर एक, गाडीवरचा ताबा सुटला तर दोन, दुसऱ्याला जोरात धडकलात तर चार असे दोषांक लागतात, आणि चूक कोणाची होती हे यंत्र विचारत नाही. अनेकांना हा अन्याय वाटतो. मला तो न्याय्य वाटतो, कारण तो चालकाला संकट येण्यापूर्वीच बाजूला व्हायला शिकवतो, आणि आपण ते आधीच शिकलेलो होतो. रुकी या नवख्यांच्या वर्गातून वर चढायला आपल्याला फारसा वेळ लागला नाही. 2010 मध्ये नारायण कार्तिकेयन मार्टिन्सव्हिलला नॅस्कारच्या ट्रक मालिकेत उतरले आणि 13 वे आले, तेव्हा तो ट्रॅक आपल्याला इंचाइंचाने ओळखीचा होता, याचा आनंद वेगळाच होता.

22 मार्च 2020 चा दिवस भाच्याला अवश्य सांग. आपल्याकडे जनता कर्फ्यू होता, अमेरिकेत खऱ्या शर्यती थांबल्या होत्या, आणि नॅस्कारच्या खऱ्या चालकांनी आयरेसिंगवर होमस्टेड ट्रॅकची शर्यत केली, जी तिथल्या दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. शेवटच्या फेरीत डेनी हॅमलिनने डेल अर्नहार्ट ज्युनिअरला गाठून ती जिंकली. ज्या गोष्टीला घरचे इतकी वर्षे पोरखेळ म्हणत होते ती त्या रात्री त्यांनी आपल्याबरोबर बसून पाहिली. पुढच्याच महिन्यात एका नामांकित चालकाने ऑनलाइन शर्यतीत मायक्रोफोनवर वांशिक अपशब्द वापरला आणि त्याची खरी नोकरी गेली. मायक्रोफोनवर कोणालाही वावगे बोलायचे नाही हा आपला नियम त्याहून जुना आहे आणि भाच्यालाही तो पाळावा लागेल. विल्यम बायरनचेही नाव त्याला सांग. घरच्या संगणकावर शर्यत शिकून हा मुलगा खऱ्या गाडीत बसला आणि 2024 व 2025 अशी लागोपाठ दोन वर्षे डेटोना 500 ही नॅस्कारची सर्वांत मानाची शर्यत जिंकला.

आज घरोघरी फायबर आहे आणि पिंग पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, पण ते 12 हजार किलोमीटर कोठेही गेलेले नाहीत. नवी मुले वेगवान आहेत आणि त्यांना थव्याच्या मध्ये शिरायचे आहे. त्यांना मी रोखणार नाही, कारण आता ते पूर्वीइतके धोक्याचे राहिलेले नाही. मात्र त्यांनी आधी डार्लिंग्टनला पूर्ण टाकीवर चाळीस फेऱ्या भिंतीला न लागता काढाव्यात, असा माझा आग्रह आहे. पीथमपूरचा दादा त्यांना उताराचे गणित शिकवतो. आपल्या शेजारीच पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा ओव्हल 2021 पासून वाहनांच्या चाचणीसाठी वापरात आहे, त्यामुळे उतारावर गाडी का टिकते हे सांगायला त्याला आता अमेरिकेचे उदाहरण द्यावे लागत नाही.

तुझ्याकडे दोन मागण्या आहेत. काकांची वही तुझ्याकडे वडोदऱ्याला आहे. तिच्या सर्व पानांची छायाचित्रे काढून पाठव, विशेषतः डार्लिंग्टन आणि अटलांटाच्या पानांची, कारण विसाव्या फेरीच्या वेळा पुन्हा तपासायच्या आहेत. दुसरी मागणी अशी की भाच्याच्या पहिल्या शर्यतींसाठी तू पुन्हा स्पॉटर व्हावेस. रविवारी पहाटे साडेपाचला सुरुवात असते. पाचपर्यंत हेडफोन लावून बसलास की पुरे. तुझा होकार आला की मी त्याचे नाव लीगकडे कळवतो.

ती. काकांना व काकूंना सा. नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
इंदूरचा जुना सोबती