इतिहास मागे नसतो, कामाला लागलेला असतो

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. संस्थेचा इतिहास लिहायचं काम तू अंगावर घेतलंस हे वाचून बरं वाटलं. प्रकरणांची यादी मात्र खटकली: स्थापना, विस्तार, संकट, पुनरुज्जीवन. जणू संस्था आधीच घडून तयार होती आणि घटना तिच्यावर एकामागून एक येऊन आदळल्या. गौरवग्रंथाला हे शोभतं. तुला तो लिहायचा नाही असं तूच म्हणतोस, म्हणून एवढं लांबण लावतोय.

व्हाइटहेडबद्दल तू विचारलं होतंस. गणितातून तत्त्वज्ञानाकडे वळलेला माणूस. १९२९ च्या 'प्रोसेस अँड रिअ‍ॅलिटी'त त्याने जगाचा मूळ घटक वस्तू नसून घटना मानला. घटना घडते, संपते, आणि संपल्यावर पुढच्या घटनेची सामग्री होते. पुढची घटना तिच्यातलं काही उचलते, काही टाकून देते. पुस्तक भयंकर अवघड आहे, भले भले हात टेकतात. तुला एवढं पुरे. संस्थांच्या अभ्यासात हा विचार बराच उशिरा रुळला. त्सूकास आणि चिया या संस्था-अभ्यासकांच्या २००२ च्या लेखात तो रोखठोक येतो: बदल ही मूळ स्थिती, संस्था म्हणजे त्या वाहत्या व्यवहाराला आलेला तात्पुरता आकार.

हे हवेत वाटत असेल तर डायन वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंचं काम बघ. २८ जानेवारी १९८६ ला नासाचं चॅलेंजर हे स्पेस शटल यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हवेतच फुटलं, सातही अंतराळवीर गेले. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते फोनवरच्या बैठकीत सांगत होते की तापमान ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर उड्डाण नको, सांध्यांतल्या रबरी कड्या थंडीत ताठरतात. नासाच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. कंपनीची मंडळी थोडा वेळ फोन बाजूला ठेवून आपसांत बोलली आणि परतली ती होकार घेऊन.

वरिष्ठांचा हट्ट, दुसरं काय, असं वाटतं ना? वॉनबाईंनी मागची कागदपत्रं उपसली आणि १९९६ च्या पुस्तकात निराळंच चित्र मांडलं. कडी झिजल्याचं १९८१ मध्ये, शटलच्या दुसऱ्याच उड्डाणात, आढळलं होतं. यान सुखरूप परतलं, म्हणून झीज पत्करण्याजोगी ठरली. पुढे झीज दिसली की आधीच्या निर्णयाचाच आधार. कुणी लपूनछपून नियम मोडला नाही. नियमच दर वेळी बोटभर सरकत गेला. चॅलेंजरच्या आधीची २४ उड्डाणं सुखरूप झाली होती, आणि त्या रात्री सगळ्यात जड वजन त्यांचंच होतं.

२००३ मध्ये कोलंबिया हे दुसरं शटल यान नष्ट झालं तेव्हा कारण वेगळं होतं, इंधनाच्या टाकीवरून निखळलेल्या फोमचा आघात. पण फोम निखळणंही तसंच अंगवळणी पडलेलं. चौकशी मंडळाच्या अहवालात त्यावर आख्खं प्रकरण आहे आणि त्याच्या शीर्षकातच इतिहासाला कारण म्हटलंय. सरकारी अहवालाकडून मी इतक्या तत्त्वज्ञानाची अपेक्षा केली नव्हती!

म्हणून म्हणतो, शेवट माहीत असल्यासारखं लिहू नकोस. चांडलरसारखा मोठा इतिहासकारही १९६२ च्या ग्रंथात चार बड्या कंपन्यांची रचना धोरणामागून कशी आली हे दाखवतो, पण वाचताना सगळं आधीच ठरल्यासारखं वाटतं. ठरलेलं काही नव्हतं. तुझ्याकडे सभांची इतिवृत्तं आहेत ना? ती निकालाकडून मागे वाचू नकोस, तारीखवार वाच. 'मागील निर्णयानुसार' हे शब्द येतील तिथे थांब. तो मागील निर्णय काढ आणि ताडून बघ: तेव्हा ठरलं होतं तेच आता उचललंय, की अटी गळून पडल्यात? 'तूर्त' म्हणून केलेली सोय कितव्या सभेत 'प्रथा' झाली? तुझा खरा इतिहास तिथे आहे. उद्घाटनांचे फोटो परिशिष्टात टाक.

एका बाबतीत मात्र माझं या मंडळींशी पटत नाही. सगळंच वाहतं म्हटलं की जबाबदारीही वाहून जाते. वॉनबाईंवरही हा आक्षेप घेतला गेला, आणि तो मला पोकळ वाटत नाही. सही कुणीतरी केलेली असते. तेव्हा इतिवृत्तात नावं असतील तिथे ती गाळू नकोस, कार्यकारिणीने कितीही गळ घातली तरी.

पहिल्या दहा वर्षांची इतिवृत्तं वाचून झाली की तुझी टिपणं पाठव, कच्ची असली तरी चालतील. अक्षर मात्र जरा लागेल असं काढ.

तुझाच,
एक जुना वाचक