विहिरीतलं डिझेल

प्रिय गड्या,

परवा फोन मधातच कट झाला, वावरात रेंज टिकत नाई, म्हणून लिहूनच पाठवून राह्यलो. दिवसा लाइन नसते म्हणून विहिरीवर इंजिन लावलं होतं, डिझेलचा कॅन काठावर ठेवला अन् गोऱ्ह्यानं दिला धक्का, पाच लिटरातलं निम्मं तरी विहिरीत. पाहता पाहता साऱ्या पाण्यावर मोरपंखी तवंग, मले तं रडूच आलं बे.

बाजूचे काका म्हणे कपड्याचा पावडर टाक, फाटते. टाकला. घडीभरात पाणी साफ दिसायला लागलं, मी खुश. सकाळी पाहतो तं चार मरळी पोट वर करून, अन् कासवाचा पत्ताच नाई. बादली काढली तं वास तसाच.

मंग आठवलं, तू २०१० ले मुंबईत होता, ७ ऑगस्टले बंदराजवळ ते चित्रा अन् खलिजिया जहाज भिडले, ८०० टनाच्या आसपास तेल सांडलं. तूच सांगे ना, तिवराची मुळं चिखलातून बोटासारखी वर येऊन श्वास घेतात अन् त्याच्यावरच काळा लेप बसला, घारापुरीकडंही, अन् मासे कोणी घेईना.

त्याच साली अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन नावाचा, समुद्रात तेलाची विहीर खोदणारा फलाट फुटला. ११ माणसं गेली, १५०० मीटर खालची विहीर (पाह्य, तिलेही विहीरच म्हणतात) ८७ दिवस वाहत होती. तिथंही माझ्या पावडरसारखंच तेल फोडणारं औषध टाकलं, फक्त पातळ अन् ७० लाख लिटरच्या जवळपास, अन् त्यातलं बरंच थेट विहिरीच्या तोंडाशी. त्यानं तेल जात नाई राज्या, बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळते. थेंब जंतू लवकर खातात अन् किनाऱ्याची दलदल थोडी वाचते, म्हणून त्यायचं सगळंच चुकलं असं मी म्हणत नाई. पण मंग त्या विहिरीपासून ११ किलोमीटर दूर, १३०० मीटरच्याही खाली, पोवळ्यांवर तपकिरी थर सापडला. वरून कोण पाहणार होतं ते? तरी लुइझियानाच्या दलदलीत तेल घुसलंच, तिथल्या डॉल्फिनायचे फुफ्फुसं खराब निघाले.

आता विहीर उपसावी म्हणतो. पण ते पाणी सोडू कुठं? नाल्यात सोडलं तं खाली लोकायची ढोरं पितात, वावरात सोडलं तं माझीच तूर. सुचलं काही तं सांग. फोन सातनंतर कर, टाकीवर चढलो की रेंज येते.

तुझाच,
वावरातला