घाटात उघडणारी कपाटं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅराव्हॅनच्या, म्हणजे आतच राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाड्यांच्या, सहलींवर पानभर मजकूर आला. पलंग, टीव्ही, एसी, छतावरचं सोलर पॅनल, सगळ्याचं कौतुक झालं. कपाटांच्या लॅचबद्दल, म्हणजे दार बंद धरून ठेवणाऱ्या खटक्याबद्दल, मात्र एक ओळ नव्हती. हौशीने अशा गाड्या भाड्याने घेणाऱ्यांना ही गोष्ट घाट लागेपर्यंत कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो आहे.

मी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत बॉडी फिटर होतो. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या गाड्यांची आतली किरकोळ कामं करतो. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर या गाड्याही दारात येऊ लागल्या. बहुतेकींची कथा सारखीच. मोठी व्हॅन घ्यायची, मागच्या सीटा काढायच्या आणि आतलं काम मॉड्युलर किचन करणाऱ्या सुताराच्या हवाली करायचं. सुताराचा हात चांगला असतो, फिनिशिंगला नाव ठेवायला जागा नसते. पण त्याचं स्वयंपाकघर आजवर कधी खड्ड्यातून गेलेलं नसतं.

घरातल्या कपाटाला मॅग्नेट कॅच पुरतो, कारण तिथे दार फक्त मिटलेलं राहायला हवं असतं. गाडीत दाराला आतला माल पेलावा लागतो. गाडी डावीकडे वळली की डाव्या भिंतीच्या कपाटातलं सगळं सामान दारावर येतं, उजवीकडे वळली की समोरच्या कपाटाची पाळी. त्यात खड्डा आला की चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पीळ खाते, तिच्याबरोबर बॉडी आणि बॉडीला ठोकलेली चौकटही तिरकी होते. मॅग्नेट आणि त्याच्या पत्रीत दोन मिलिमीटरची फट पडली तरी पकड गेल्यात जमा. स्प्रिंगवरच्या गोळीने दार धरणाऱ्या बॉल कॅचचीही तीच गत. आणि सर्वांत वाईट म्हणजे दाबलं की उघडणारा तो टच लॅच. आतून पातेल्याचा धक्का बसला तरी त्याला वाटतं, मालकाने दार उघडायला सांगितलं!

गेल्या हिवाळ्यात जावयांनी अशी एक गाडी भाड्याने घेतली आणि आम्हा दोघांनाही बरोबर नेलं. पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगर. घाटातल्या एका डाव्या वळणावर सिंकच्या वरचं कपाट उघडलं आणि कुकर थेट समोरच्या सीटवर आला. नात त्या सीटवरून नुकतीच उठून आजीजवळ गेली होती, एवढंच नशीब. गाडी बाजूला घेऊन मी दार पाहिलं. बाहेरून झकास, ऑफ-व्हाइट मायका, लांब स्टीलची मूठ. आत बोटाच्या पेराएवढा पांढरा मॅग्नेट, तोही प्लायच्या कडेत अर्ध्या इंचाच्या दोन स्क्रूंवर. प्लायच्या कडेला स्क्रू धरत नाही, थर उकलतात. एक स्क्रू भोकात नुसता गरगर फिरत होता, दुसरा कपाटाच्या तळाशी चहाच्या डब्यामागे पडलेला मिळाला. सौभाग्यवतींनी काही न बोलता बॅगेतून परकराची नाडी काढून दिली. त्या नाडीने कपाटाच्या दोन्ही दारांच्या मुठी एकमेकींना करकचून बांधल्या आणि घाट उतरलो.

बोर्लीच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानातून लहान स्टीलच्या कड्या, नटबोल्ट आणि वायसर घेतले आणि समुद्राकडे पाठ करून दुपारभर त्या बसवल्या. गाडी परत दिली तेव्हा मालकाने 'मायक्याला भोकं पाडली' म्हणून अनामतीतून पैसे कापले. कुकरबद्दल सांगितलं तर म्हणाला, "काका, वरच्या कपाटात जड सामान ठेवायचंच नसतं." बरोबर आहे. मग तसं लिहिलेला कागद दारावर का नव्हता, आणि त्या कपाटात कुकर ठेवून गाडी आमच्या ताब्यात कोणी दिली?

युरोपातल्या कॅराव्हॅनना आणि बोटींना बटणाचे लॅच असतात. बटण आत दाबलं की जीभ खोबणीत अडकून बसते, पुन्हा दाबलं की बटण बाहेर येतं आणि त्यालाच धरून दार उघडायचं. बटण बाहेर दिसलं की दार लॉक नाही हे ड्रायव्हरला मागे वळून एका नजरेत कळतं. हे लॅच आता इथेही ऑनलाइन मिळतात, आणि आपल्याकडे बसवताना त्यांचीही वाट लागते. त्यातले बरेचसे पंधरा-सोळा मिलिमीटरच्या हलक्या दारांसाठी केलेले असतात. आपला सुतार अठराचा प्लाय घेतो, वर मायका चिकटवतो. मग लॅच पुरता आत बसत नाही, जीभ खोबणीच्या नुसत्या काठावर टेकते. शोरूममध्ये 'टक' असा छान आवाज येतो आणि पहिल्या स्पीडब्रेकरला जीभ निसटते. मागच्या बाजूने पटाशीने खाच घेऊन लॅच आत बसवला तर हे टळतं.

माझ्याकडे लॅच बिघडला म्हणून जी दारं येतात, त्यांतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी लॅच धडधाकट असतो. बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार खाली बसलेलं असतं, त्यामुळे जीभ खोबणीच्या खाली जाते. आधी दार वर उचलून पाहावं. उचलल्यावर लागत असेल तर लॅचला हात लावू नये. जीभ नक्की कुठे टेकते हे पाहायला तिला खडू फासून दार लावावं, डाग उठतो तिथे खोबणीची पट्टी सरकवावी. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर आणखी जाड स्क्रू कोंबण्यात अर्थ नाही. फेव्हिकॉल लावून लाकडी खुंटी ठोकावी, रात्रभर वाळू द्यावी आणि मग नव्याने भोक पाडावं. मी तर जमेल तिथे आरपार बोल्ट, मोठा वायसर आणि नायलॉनचा नट घालतो. एसटीत आम्हाला हेच शिकवलं होतं: जे हादरतं ते स्क्रूच्या भरवशावर सोडायचं नाही. लाल डब्याच्या खडखडाटावर लोकांनी आयुष्यभर विनोद केले, ते मी मुकाट ऐकले. काचा वाजायच्या, मान्य. पण दार वळणावर आपोआप उघडलं, तर त्याचा जाब कार्यशाळेला द्यावा लागायचा.

वर उघडणाऱ्या झडपांना गॅसचे पंप असतात, त्यांचंही एक सांगतो. झडप मिटलेली असेपर्यंत ठीक, पण लॅच जरा सुटून ती थोडी उचलली गेली की पुढचं काम पंपच करतो, झडप सताड उघडतो. अशा झडपेला एकच लॅच मधोमध लावणं म्हणजे कंजुषी. दोन्ही टोकांना हवेत. आणि लॅच कितीही चांगला असला तरी फळीच्या पुढच्या काठाला दोन इंचांची पट्टी हवीच, म्हणजे भांडं दारापर्यंत पोचतच नाही. गाडीची किंमत पाहता या पट्टीला येणारा खर्च सांगायलाही लाज वाटते.

मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वाहन उद्योगाचं मानक आहे. पण तयार व्हॅन घेऊन गल्लीत फर्निचर ठोकून घेणाऱ्या कोणी त्याचं नाव ऐकल्याचंही मला दिसलं नाही. पासिंगच्या वेळी ब्रेक, दिवे, हॉर्न, टायर पाहतात. आतलं कपाट उघडून ओढून पाहणारा मी तरी पाहिला नाही. पर्यटन विभाग या व्यवसायाला पाठिंबा देतो आहे तर त्याने एवढं करावं: नोंदणीच्या वेळी कपाटांत खरोखरची भांडी भरायला लावावीत आणि गाडी घाटातून नेऊन आणायला सांगावी. पुण्यात नोंदणी असेल तर कात्रजचा जुना घाट जवळच आहे, तासाभराचं काम. एक दार उघडलं तरी गाडी परत सुताराकडे.

तोवर भाड्याने घेणाऱ्यांनी ताबा घेतानाच प्रत्येक दार बंद करून, शेजारच्या उघड्या दारातून हात घालून, आतून तळहाताने दणका द्यावा. वरच्या कपाटाला आतून हात पोचत नसेल तर त्यात उशी भरून दार लावावं आणि चौकटीवर बाहेरून बुक्की मारावी. उघडलं तर त्याचा व्हिडिओ मालकासमोरच काढावा आणि ते कपाट रिकामं ठेवून निघावं. कुकर नेहमी खालच्या कप्प्यात, आणि शिटी काढून वेगळी ठेवावी. आमची त्या धक्क्यात सीटखाली गेली ती शेवटपर्यंत सापडली नाही.

आपला,
एक निवृत्त बॉडी फिटर, दापोडी, पुणे