‘शरीयतनुसार’ म्हणजे नेमके कशानुसार?

मा. संपादक,
स. न.

मुस्लिम व्यक्तिगत कायद्यावर वाद सुरू झाला, की शरीयत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ हे दोन्ही बाजू धरूनच चालतात. फिकहचा, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचा, थोडाफार अभ्यास केल्यामुळे मला हे मनापासून खटकते.

आठव्या शतकात आजच्या इराकमधल्या कूफ्यातले इमाम अबू हनीफा आणि त्यांचे शिष्य ‘इस्तिहसान’ वापरत होते. आधीच्या नियमाशी साधर्म्य पाहून नव्या प्रश्नाचा निर्णय करणे म्हणजे कियास. तो कियास अडचणीचा ठरला, तर अधिक सबळ आधारावर त्याला बाजूला ठेवणे म्हणजे इस्तिहसान. जोडे शिवणाऱ्याला पायाचे माप देऊन पैसे ठरवले, तर त्या क्षणी जोडे जगात नसतातच. नसलेली वस्तू विकता येत नाही, हा नियम; म्हणजे कियासाने सौदा रद्द. हनफी फकिहांनी, म्हणजे अबू हनीफांच्या परंपरेतल्या कायदेपंडितांनी, तो वैध ठरवला, कारण लोकांचा व्यवहार पूर्वापार तसाच चालला होता आणि कोणी हरकत घेतलेली नव्हती.

दुसऱ्या कायदेपरंपरेचे प्रवर्तक इमाम शाफिई यांनी याला कडाडून विरोध केला. त्यांच्या दृष्टीने हे स्वतःच्या मर्जीने शरीयत बनवणे होते. ही भीती रास्तच आहे. काझीच्या मनाला पटेल तसा निकाल फिरू लागला, तर पक्षकाराने भरवसा कशावर ठेवायचा? म्हणून पुढच्या हनफींनी इस्तिहसानाचे आधार नेमके सांगितले: कुराण-हदीसचे वचन, इज्मा (विद्वानांचे एकमत), निकड, किंवा वरवर न दिसणारा पण अधिक सबळ कियास.

मला सर्वांत बोलके वाटते ते बेपत्ता नवऱ्याचे प्रकरण. त्याच्या वयाची माणसे हयात असेपर्यंत, काहींच्या हिशेबाने तो 90 वर्षांचा होईपर्यंत, बायकोने थांबायचे, असे जुने हनफी मत. पंचविशीतला नवरा परागंदा झाला तर पासष्ट वर्षे! ब्रिटिश अमदानीत काही बायकांनी सुटकेसाठी धर्मच सोडला, कारण धर्मत्यागाने निकाह तुटतो असे न्यायालये मानत. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांनी, स्वतः हनफी असून, मालिकी या वेगळ्या परंपरेच्या मताचा आधार घेतला. त्या मतात मुदत चार वर्षांची आहे. 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात तीच चार वर्षे आली, आणि नुसत्या धर्मत्यागाने निकाह तुटणार नाही हेही आले.

आपणांस एकच विनंती. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यावरच्या निकालांच्या बातम्यांत ‘शरीयतनुसार’ एवढाच शब्द छापून थांबू नये. न्यायाधीशांनी कोणत्या मजहबचे (कायदेपरंपरेचे) मत घेतले, कोणते सोडले आणि त्याचे कारण काय दिले, हेही दोन ओळींत द्यावे. निकालपत्रात ते बहुधा लिहिलेले असते.

आपला,
एक वाचक