पिल्लांची जात आणि लिंग पावतीवर लिहून मिळावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मराठवाड्यात आठवडी बाजारांतून आणि गावोगाव फिरणाऱ्या टेम्पोंतून कोंबडीची एक दिवसाची पिल्ले विकली जातात आणि ती घेणाऱ्यांत बायकाच जास्त असतात. ‘सगळ्या तलंगा (कोवळ्या माद्या) आहेत’, ‘अस्सल कडकनाथ आहे’ हा विक्रेत्याचा तोंडी शब्द एवढाच काय तो आधार. आमच्या बचत गटाने गेल्या वर्षी अशीच 100 पिल्ले घेतली. त्यांतली 91 जगली आणि दोन महिन्यांनी तुरे वाढू लागले तेव्हा 44 कोंबडे निघाले. आखाडात ते विकले गेले, हे खरे. पण कर्जाचा हप्ता आम्ही अंड्यांच्या पैशावर धरला होता आणि तो दर महिन्याला भरावा लागतो.

हा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हता. कोंबड्यांमध्ये पिल्लाचे लिंग मादीकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते आणि तेही अंडे घातले जाण्यापूर्वीच, त्यामुळे न निवडलेल्या पिल्लांत नर-मादी जवळपास निम्मे-निम्मे असणारच. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, किंवा मानेला धरून उचललेल्या पिल्लाने पाय आखडले तर ती तलंग, असे आमच्याकडे ठामपणे सांगितले जाते. त्याला काहीच आधार नाही, आणि दुसऱ्या प्रकारात पिल्लाचे हाल होतात ते वेगळेच.

पहिल्या दिवशी लिंग ओळखण्याच्या खऱ्या पद्धती आहेत, पण प्रत्येकीला मर्यादा आहे. गुदद्वार तपासून नर-मादी वेगळे करण्याची पद्धत जपानमध्ये 1920 च्या दशकात विकसित झाली. ती शिकायला दीर्घ सराव लागतो आणि अडाणी हाताने दाबल्यास पिल्लू दगावते. दुसरी पद्धत पंखांची. मादीच्या पंखातली मुख्य पिसे त्यांवरच्या आच्छादन-पिसांहून लांब दिसतात, तर नरात ती सारखी किंवा आखूड असतात. मात्र मुद्दाम तसा संकर केलेल्या पिल्लांतच आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच हा फरक कळतो. गावरान पिल्लाचा पंख उघडून पाहण्यात अर्थ नाही. रंगाचेही तसेच आहे. ऱ्होड आयलंड रेड जातीचा नर आणि बार्ड प्लायमाउथ रॉक जातीची मादी यांच्या संकरातून निघालेल्या नर पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीच्या नसतो. हा नियम त्या संकरापुरताच आहे, तो सरसकट लावला की फसगत ठरलेली. बाकीच्या पिल्लांत सहा ते आठ आठवड्यांनी तुरा आणि त्यानंतर मानेवरची व पाठीवरची टोकदार पिसे दिसेपर्यंत थांबावेच लागते. कडकनाथमध्ये तुरा मुळातच काळसर-जांभळा असल्याने त्याच्या लालीवर न जाता आकार पाहावा.

जातीबाबत फसवणे तर विक्रेत्याला याहून सोपे आहे. ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प या परदेशी जातीचे पिल्लूही कडकनाथसारखे काळेच असते. पण त्याच्या पोटाखाली पिवळट-पांढरी लव असते आणि लव बाजूला केली तर कातडी पांढरी दिसते. कडकनाथची कातडी आणि जीभसुद्धा काळसर असते. तरीही एवढ्यावरून पिल्लू शुद्ध आहे असे म्हणता येत नाही, कारण कडकनाथच्या संकरातले पिल्लूही काळसर निघू शकते. वनराजा, गिरिराजा या सुधारित संकरित वाणांची रंगीत पिल्ले तर ‘गावरान’ म्हणून सर्रास खपवली जातात. ही वाणे वाईट नाहीत, पण ती अंड्यांवर खुडूक बसून पिल्ले काढतील अशी आशा धरणे व्यर्थ, आणि त्यांच्या अंड्यांतून घरी काढलेल्या पुढच्या पिढीत मूळचे गुण तसेच टिकत नाहीत. गावरान म्हणून घेणाऱ्या बाईला नेमके हेच दोन्ही हवे असते.

म्हणून माझी मागणी अशी की पिल्ले विकणाऱ्या प्रत्येकाला पावतीवर जात किंवा संकराचे नाव, उबवणी केंद्राचे नाव, पिल्ले निघाल्याची तारीख आणि ती ‘मादी निवडलेली’ आहेत की ‘मिश्र’ हे लिहिणे पशुसंवर्धन विभागाने बंधनकारक करावे. मिश्र पिल्ले विकण्यात गैर काही नाही. ती मिश्र म्हणून आणि मिश्रच्या भावाने विकली जावीत. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांनी पावसाळ्यापूर्वी मोठ्या आठवडी बाजारांत बचत गटांसाठी पिल्ले हातात देऊन प्रात्यक्षिके घेतली, तर निदान ऑस्ट्रॉलॉर्प आणि कडकनाथ यांतला फरक आमच्या बायकांना विकत घेण्यापूर्वीच कळेल.

आपली,
एक कुक्कुटपालक, ता. जिंतूर, जि. परभणी